चौदा जण, दोन दिवस आणि पर्बेकचा किनारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडन आणि रेडिंग मिळून चौदा जण, सगळ्यात लहान नऊ वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे पुण्याहून आलेले 68 वर्षांचे बाबा. मे महिन्यातला एक शनिवार-रविवार. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पर्बेक भागात पहिल्या दिवशी लुलवर्थ ते किमरिज, दुसऱ्या दिवशी किमरिज ते स्वॉनेज, समुद्राच्या कडेकडेनं. तुम्ही लिहिलंय, ‘राजगड-तोरणा केलेली मंडळी आहोत, इथं तर दीडशे-दोनशे मीटरच्या वर काही नाही, मग जमायला काय हरकत आहे?’ आणि सोबत काय न्यावं, कुठं जेवावं, बाबांचे गुडघे जरा कुरकुरतात त्याचं काय, हेही विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं या भागात गट घेऊन चालते आहे, त्यात आपली मराठी मंडळी भरपूर. म्हणून आधी नको तेच सांगते: ठरवलेला मार्ग सोडा. तो सुंदर आहे यात शंका नाही, पण या चौदा जणांसाठी तो नाही.

उंचीच्या आकड्यानं सगळेच फसतात. पर्बेकचं सर्वांत उंच टोक स्वायर हेड, 208 मीटर. कळसूबाई 1646. पण सह्याद्रीत आपण एकदा चढतो, वर बसतो, डबा खातो आणि एकदाच उतरतो. इथं कड्याच्या माथ्यावरून चालताना दर थोड्या वेळानं एक ओहोळ समुद्राला मिळतो. त्या प्रत्येक ठिकाणी पार खाली उतरायचं आणि पलीकडून पुन्हा तेवढंच चढायचं. बिंडन हिलवरून खाली, फ्लॉवर्स बॅरोवर वर, तिथून वॉरबॅरोच्या उपसागराशी खाली, परत गॅड क्लिफवर वर. लुलवर्थ ते किमरिज जेमतेम 11-12 किलोमीटर आहे, पण संध्याकाळी पाय म्हणतात वीस झाले. दुसऱ्या दिवशीचं किमरिज ते स्वॉनेज तर खरोखरच 21 किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यात हाउन्स टाउटचा चढ, मग एमेट्स हिल आणि सेंट ऑल्डहेल्म्स हेड यांच्या मधल्या घळीतल्या पायऱ्या. उतरताना पायऱ्या, चढताना पायऱ्या. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची परीक्षा चढात होत नाही, उतारात होते. हे बाबांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार, फक्त ते बोलणार नाहीत.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. लुलवर्थ ते किमरिज ही वाट लष्कराच्या रणगाडा-सरावाच्या हद्दीतून जाते. बहुतेक शनिवार-रविवारी ती लोकांसाठी खुली असते, पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. तारखा आधी बघाव्या लागतात. लाल बावटा वर असेल तर फाटक बंद. खुली असली तरी पिवळ्या खांबांच्या मधूनच चालायचं, कारण बाजूच्या गवतात न फुटलेले तोफगोळे असू शकतात. आणि एकदा आत शिरलात की मध्येच गाडी बोलावून कोणाला घरी पाठवायची सोय जवळजवळ नाही. नऊ वर्षांच्या मुलीला पोटात दुखायला लागलं तर काय करायचं? हा एकच प्रश्न मी प्रत्येक वाटेला विचारते: इथून अर्ध्यावर बाहेर कसं पडायचं? उत्तर नसेल तर मिश्र वयाचा गट तिथं नेत नाही.

या हद्दीत टाइनम नावाचं रिकामं गाव आहे. डिसेंबर 1943 मध्ये युद्धाच्या सरावासाठी सैन्यानं ते खाली करायला लावलं. जाताना गावकऱ्यांनी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली होती, की आमची घरं जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. ते परत येऊ शकले नाहीत. घरांच्या नुसत्या भिंती उरल्यात, शाळेची खोली मात्र नीट लावून ठेवली आहे. धरणाखाली गाव गेलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. माझ्या एका गटातल्या आजी त्या शाळेत बाकावर बसल्या त्या पाऊण तास उठल्या नाहीत, त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. टाइनम बघाच, पण वेगळ्या दिवशी, गाडीनं, निवांत. गावापर्यंतचा रस्ताही हद्द खुली असतानाच उघडा असतो.

आता करायचं काय ते.

दोन्ही रात्री मुक्काम स्वॉनेजलाच ठेवा. शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी दुपारनंतर निघायचं. रोज सामान उचलून पुढच्या गावी जाण्याची हौस चौदा जणांत करू नका. सकाळी खोल्या सोडण्यातच दीड तास जातो. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून वेमथकडे जाणाऱ्या गाडीनं वेअरमला उतरायचं, साधारण सव्वादोन-अडीच तास, आणि पुढं बस. तीन ते नऊ जणांना एकत्र तिकीट काढल्यास गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सवलत मिळते. तुम्ही चौदा, म्हणजे सात-सातचे दोन गट करून काढा. रविवारी रेल्वेचं दुरुस्तीचं काम निघून गाडीऐवजी बस लागण्याचा प्रकार इथं नेहमीचा, तेव्हा परतीचं आधी तपासा. मे महिन्यात दोन सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या असतात, त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार टाळलेत तर राहायला जागाही मिळेल आणि पबमध्ये बसायलाही.

शनिवार. स्वॉनेजहून वाफेच्या इंजिनाच्या गाडीनं कॉर्फ कॅसलला जा. ही लाइन 1972 मध्ये बंद पडली, रूळही उखडले होते. हौशी लोकांनी ती वर्षानुवर्षं राबून पुन्हा उभी केली. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, तेवढं बघा. गाडी वीसेक मिनिटांची, पण मुलगी खूश आणि मोठे तिच्याहून खूश. कॉर्फचा किल्ला टेकडीवर दात पडल्यासारखा दिसतो. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडच्या यादवी युद्धात लेडी मेरी बँक्स या बाईनं तो राजाच्या बाजूनं लढवला, शेवटी पडला आणि 1646 मध्ये पार्लमेंटनं दारू ठासून उडवून दिला. (कळसूबाईच्या मीटरांएवढंच साल, म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.) 1818 नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडवल्या त्याचा राग असेल, तर हा किल्ला बघून घ्या. स्वतःच्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. पडक्या किल्ल्याचे दगड गावातल्या घरांना लागले, तेही आपल्याकडच्यासारखंच.

कॉर्फहून गायरान ओलांडून दक्षिणेला वर्थ मॅट्रॅव्हर्सपर्यंत पाच-सहा किलोमीटर. इथं जमीन चिकणमातीची आहे. मे कोरडा गेला असेल तर काही नाही, पण दोन दिवस पाऊस झाला असेल तर प्रत्येक बुटाला अर्धा किलो चिखल घेऊन चालाल. वर्थला स्क्वेअर अँड कंपास नावाचा जुना पब आहे, 1907 पासून एकाच घराण्याकडे. बार असा नाहीच, भिंतीतल्या खिडकीतून देतात. सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, आणि पेस्टी. आपली करंजी दहापट मोठी करून भाजली आणि आत मटण-बटाटा किंवा भाजी भरली की झाली पेस्टी. शाकाहारी किती आहेत ते खिडकीशी आधी जाऊन सांगा, नाहीतर चौदावा माणूस चिप्सच्या पाकिटावर राहतो. एका बाजूला जीवाश्मांचं छोटं संग्रहालयही आहे. बाहेरच्या दगडी बाकांवर बसून समुद्र दिसतो. पण तिथं एका तासाच्या वर बसू नका. सायडर गोड लागतो म्हणून काकालोक सरबतासारखा पितात आणि पुढं कड्याची वाट आहे.

गट फोडायचा असेल तर तो इथं. ज्यांना दम आहे त्यांनी सेंट ऑल्डहेल्म्स हेडला जाऊन यावं. 108 मीटर उंच टोक, त्यावर चारी बाजूंनी सारखी दिसणारी नॉर्मन काळातली एक बुटकी दगडी चॅपेल, आणि चहूकडे वारा. ही वाट तीन-साडेतीन किलोमीटरनं जास्त. बाकीच्यांनी गावातून सरळ खाली विन्स्पिटच्या जुन्या खाणीशी उतरायचं आणि तिथं थांबायचं. दोन्ही तुकड्यांत एकेक माणूस असा हवा ज्याला कागदी नकाशा वाचता येतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल 15 घ्या, त्यात हा सगळा भाग आहे, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. फोनमध्ये ॲप असलं तरी घ्या, कारण या घळींमध्ये नेटवर्क येतं-जातं, बहुतेक वेळा जातंच.

विन्स्पिट ते स्वॉनेज हा दिवसाचा गाभा, नऊ-दहा किलोमीटर. इथला चुनखडीचा दगड काढून कड्यावरूनच होड्यांत उतरवत आणि समुद्रमार्गे न्यायचे. खाणींच्या काळ्या दारांत आता वटवाघळं राहतात, आत जायचं नाही. मग सीकोमची घळ, मग डान्सिंग लेज. हा खाणीतून उरलेला सपाट खडकाचा ओटा, त्यात शाळेच्या मुलांना पोहायला सुरुंगानं फोडलेला एक चौकोनी हौद आहे. ओट्यावर उतरायला शेवटी हातापायांनी चढउतर करावी लागते, ओला असेल तर बाबांना वरच बसवा.

सीकोममध्ये माझं एकदा चांगलंच नाक कापलं गेलंय. वाट घळीत उतरते ती लगेच पलीकडे चढत नाही, थोडी आत, जमिनीकडे जाते आणि मग उजवीकडे कुंपण ओलांडून वर जाते. सतरा जणांचा गट होता, चार तरुण पुढं सुटले, बोलता बोलता ते वळण चुकले आणि सरळ घळीतून परत वर्थच्या दिशेला लागले. आम्ही स्वॉनेजच्या बाजूला त्यांना शोधतोय, ते पबच्या बाजूला आम्हाला. फोन लागेना. दीड तास गेला, आणि एका आईचा जीव टांगणीला. त्या दिवसापासून नियम असा: सगळ्यात पुढे एक ठरलेला, सगळ्यात मागे एक ठरलेला, आणि प्रत्येक फाटकाशी, प्रत्येक फाट्याशी पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. मोजणी मोठ्यानं करायची. मोठ्या माणसांना शाळेत असल्यासारखं वाटतं, वाटू दे. आणि दमलेला माणूस टेकला की लगेच ‘चला’ म्हणायचं नाही. पुढचे दहा मिनिटं बसून ताजे झालेले असतात, मागचा आत्ता पोचलेला असतो. त्याला त्याची पाच मिनिटं मिळालीच पाहिजेत.

वेळेचं गणित: 1892 पासून नाइस्मिथचा ठोकताळा चालत आलाय, ताशी पाच किलोमीटर, शिवाय दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं. त्या हिशेबानं हा दिवस चार-साडेचार तासांचा होतो. तुमच्या गटाला सात तास धरा, जेवण आणि फोटो धरून. मे महिन्यात रात्री साडेआठनंतरही उजेड असतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही, पण तो उजेडच फसवतो. सहा वाजले हे लक्षातच येत नाही.

वर्थनंतर थेट डर्लस्टनपर्यंत स्वच्छतागृह नाही. बायकांना आणि बाबांना हे वर्थलाच स्पष्ट सांगा. संकोच केलात तर सगळे पाणी प्यायचं थांबवतात आणि दुपारी डोकी दुखतात. अँव्हिल पॉइंटचं दीपगृह लागलं की शेवट जवळ आला. डर्लस्टनला पोर्टलंडच्या दगडाचा चाळीस टनी पृथ्वीचा गोल आहे, 1887 चा. त्यावर मुलीला भारत शोधायला लावा, तेवढ्यात मोठे चहा घेतील. पुढं दोन किलोमीटर गावात.

रविवार छोटा ठेवा. स्वॉनेजच्या वाळूवरून उत्तरेला, बॅलर्ड डाउनवर चढ, तिथून ओल्ड हॅरी रॉक्स, मग स्टडलंड. सात किलोमीटरच्या आत. चढ एकच, पण दमदार. इथं दगड बदलतो, चुनखडीऐवजी पांढराशुभ्र खडू. समुद्रात उभे असलेले सुळके म्हणजे ओल्ड हॅरी. शेजारी त्याची ‘बायको’ होती, ती 1896 मध्ये कोसळली. जागतिक वारसा असलेला जुरासिक किनारा, एक्समथपासून 95 मैलांचा, इथं संपतो. आणि इथं कड्याला कुंपण नाही. गवत सपाट, हिरवं, अगदी काठापर्यंत, आणि पुढं सरळ हवा. खालून खडू पोखरलेला असतो, वर उभं राहून ते दिसत नाही. काठापासून पाच मीटर आत, सेल्फीसाठीसुद्धा. मुलीचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातात. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीच बघत नसतं. खाली किनाऱ्यावर गेलात तर कड्याच्या पायथ्याशी डबा उघडू नका, दरडी पडतात, पावसानंतर जास्त.

हा किनारा किती सरकतो त्याचा एक पुरावा किमरिजला आहे. क्लॅव्हेल टॉवर नावाचा 1830 चा मनोरा कड्याच्या काठाशी आला, म्हणून 2006 ते 2008 मध्ये दगड न् दगड सुटा करून 25 मीटर आत पुन्हा बांधला. मनोऱ्याची ही गत, तर वाटेचं काय. कोणाची पाच वर्षांपूर्वीची जीपीएस फाइल उतरवून डोळे झाकून चालू नका. जागेवर एकॉर्नचं (ओकच्या फळाचं) चिन्ह असेल ती वाट किनारपट्टीची, पिवळा बाण पायवाटेचा. पर्बेकमध्ये दगडात कोरलेले मैलाचे दगडही आहेत, ते सहसा चुकवत नाहीत.

स्टडलंडला जेवा आणि बसनं परत या. ज्यांना बोर्नमथहून गाडी पकडायची आहे ते बसनंच साखळीवर चालणाऱ्या फेरीबोटीवरून सँडबँक्सला उतरून पुढं जाऊ शकतात, बोट दुरुस्तीला नाही ना ते बघून. स्टडलंडच्या झाडोऱ्यातून फिरलात तर रात्री पोटऱ्या, गुडघ्यामागे, कमरेशी गोचीड तपासा. लाइम नावाचा आजार त्यांच्यापासून होतो. मुलांच्या केसांतही बघा.

दोन गोष्टी आपल्या मंडळींना नेहमी नवीन असतात. एक, लोकांच्या शेतातून जायचं? हो, बिनधास्त. नकाशावर सार्वजनिक पायवाट असेल तर तो कायद्यानं तुमचा हक्क आहे, उभ्या पिकातून गेली तरी. फक्त वाट सोडायची नाही आणि फाटक जसं होतं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. फाटक नसेल तिथं कुंपणावर लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात. कोकणातल्या बेड्याचंच हे इंग्लिश भावंड, माणूस जाईल पण गुरं अडतील. साडी किंवा मोठी ओढणी तिथं हमखास अडकते, म्हणून आई मंडळींना आधीच सांगा.

दुसरी, गाई. आपण गाईला घाबरत नाही, हाच धोका. एका काकूंनी डान्सिंग लेजच्या वरच्या कुरणात ‘ये गं माझी सोन्या’ म्हणत वासराला हात लावायला पाऊल टाकलं, आणि वीस फुटांवर बसलेली त्याची आई एका झटक्यात उभी राहिली. मान खाली. तोंडातला घास चघळायचा थांबला. मी काकूंचा दंड धरून त्यांना तिरकं, हळू, न पळता मागं आणलं. गाय-वासराच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा. गटात कुत्रा असेल आणि गाय अंगावर आली तर त्याची दोरी सोडून द्या, तो पळेल.

सोबत काय: तळाला खाचा असलेले बूट, वापरून मऊ झालेले. वाऱ्याचं जाकीट, ऊन असलं तरी. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. माणशी दीड लिटर पाणी. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळ-शेंगदाणे, इथल्या कुठल्याही एनर्जी बारपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. शिट्टी. काही झालं तर 999 आणि कोस्टगार्ड मागायचा, पोलिस नाही. ‘register’ हा शब्द रोमन लिपीत लिहून 999 वर मेसेज केला आणि उलट आलेल्या मेसेजला ‘yes’ असं उत्तर दिलं की आणीबाणीत मेसेजनंही मदत मागता येते. बोलण्याइतकं नेटवर्क नसतं तिथं कधीकधी मेसेज जातो. घरूनच करून ठेवा.

मे म्हणजे गॉर्सच्या झुडपांवर पिवळी फुलं. त्यांना ऊन लागलं की खोबऱ्याचा वास येतो, खरंच. रत्नागिरीच्या एक मावशी कड्यावर थांबून इकडेतिकडे बघायला लागल्या, इथं नारळ कोण खवतंय म्हणून.

बाबांसाठी चालायच्या दोन काठ्या घ्या, एक नाही. पुण्यात असतानाच मागवा म्हणजे पंधरा दिवस टेकडीवर सवय होईल. नको म्हणतील. मग त्यांना सगळ्यात मागचा माणूस नेमा आणि काठ्या त्या पदासोबत द्या. अधिकाराची वस्तू म्हणून त्या चालतात. आणि शनिवारी वर्थच्या पबशी त्यांच्याकडे नीट बघा: खुर्चीतून उठताना हात टेकून उठत असतील, तर तिथूनच टॅक्सीनं स्वॉनेजला पाठवा, कोणीतरी सोबत देऊन. टॅक्सीचा नंबर शुक्रवारीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून कागदावर लिहून घ्या.